रॉकच्या कार्यक्रमालाही तिसरी घंटा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी शहराबाहेरच्या एका लॉनवर झालेल्या हार्ड रॉक कार्यक्रमाची बातमी आपल्या सोमवारच्या अंकात आली. तीन छायाचित्रं, वाहतूक कोंडीची एक चौकट आणि वर मथळा ‘तरुणाई थिरकली’. त्यावर पुढे दोन वाचकांची पत्रंही आपण छापलीत. एका गृहस्थांचं म्हणणं, दहाच्या ठोक्याला कार्यक्रम थांबवून तरुणांवर अन्याय झाला. दुसऱ्या बाईंचं म्हणणं, असला धांगडधिंगा पुण्यात होऊच देऊ नये. मी त्या कार्यक्रमाला होते. माझं वय ६१. एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवून निवृत्त झाले आणि चाळीस वर्षं हार्ड रॉक ऐकते आहे. त्या संध्याकाळी खरोखर जे बिघडलं ते बातमीत नव्हतं आणि दोन्ही पत्रांतही नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

बँड चार जणांचा, आपल्याच देशातला. सहा वर्षांनी त्यांचा नवा अल्बम आला, नऊ गाण्यांचा, आणि तो घेऊन ते सात शहरांच्या दौऱ्यावर निघाले आहेत. पुणं त्यातलं तिसरं. बँडचं, आयोजकांचं, लॉनचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एका आयोजकाला धारेवर धरून हा प्रश्न सुटणार नाही; गेल्या दहा वर्षांत पुण्यात मी अशा ज्या ज्या कार्यक्रमांना गेले, त्यांतल्या बहुतेकांत थोड्याफार फरकाने हेच घडलं आहे.

अल्बम आला त्या दिवसापासून तीन आठवडे मी तो रोज ऐकला. त्यातलं सहावं गाणं सात मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. सुरुवातीला दीड मिनिट एकटी बेस गिटार वाजते, इतकी संथ की शास्त्रीय ऐकणाऱ्याला विलंबित आठवावं. मग ड्रम येतात, तेही मोजकेच. गिटार येते तेव्हा तिची सगळ्यांत जाड तार नेहमीच्या ‘ई’वरून ‘डी’वर उतरवलेली असते, त्यामुळे तिचा रिफ कानाआधी छातीला कळतो. रिफ म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणारी गिटारची ओळ. बंदिशीचा मुखडा जसा दर आवर्तनाला घरी परततो, तशी ती परतते. या गाण्यात ती पाच वेळा परतते आणि पाचव्या वेळी ड्रमर तिच्याखालची लय दुप्पट करतो. घरच्या स्पीकरवर ती जागा आली की माझा हातातला चमचा थांबायचा. उघड्या मैदानात, खरे ड्रम समोर असताना, हे कसं ऐकू येईल? १,४९९ रुपयांचं तिकीट मी त्या एका जागेसाठी काढलं.

तिकिटावर ‘सायंकाळी ६’ असं छापलेलं होतं. माझी भाची म्हणाली, “आत्या, सहा म्हणजे आठ. आरामात निघू.” मी तिचं ऐकलं नाही. कर्वेनगरहून चारलाच निघालो आणि साडेपाचला गेटवर जाऊन उभ्या राहिलो. गेट उघडलं पावणेसातला. आत गेलो तर स्टेजवर अजून केबल ओढणं चाललं होतं, दोन मुलं ट्रसवर, म्हणजे दिवे टांगायच्या सांगाड्यावर, चढून दिवे बांधत होती. दुपारी व्हायला हवा तो साउंडचेक, म्हणजे वाद्यांचे आणि माइकचे आवाज तपासून जुळवणं, झालेलाच नव्हता. सात ते पावणेआठ एका डीजेने गाणी लावली. मग प्रायोजक आणि पाहुणे स्टेजवर आले. सहा जणांना शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह, त्यांतल्या दोघांची मनोगतं. यात पंचवीस मिनिटं गेली. त्यानंतर ड्रमचा एकेक माइक तपासायला सुरुवात झाली. बँड स्टेजवर आला तेव्हा माझ्या घड्याळात ८ वाजून ३५ मिनिटं झाली होती. ९ वाजून ५७ मिनिटांनी आवाज बंद झाला.

मधली ८२ मिनिटं त्या चौघांनी जीव ओतून वाजवलं, हे मी आधी सांगते. ड्रमरच्या अंगातून थंडीच्या रात्री वाफ निघताना दिसत होती. गायकाने एका शब्दाने कुणाला दोष दिला नाही. फक्त दोनदा म्हणाला, “आपल्याकडे वेळ फार कमी आहे.”

माझा एक जुना विद्यार्थी या दौऱ्यावर त्यांच्याबरोबर साउंड सांभाळतो. कार्यक्रम संपल्यावर तो मला साउंड डेस्कपाशी भेटला. वर्गात शेवटच्या बाकावर बसून वहीत स्पीकरचे आकार काढणारा मुलगा. मी काही विचारायच्या आत त्याने स्टेजवरून सोडवून आणलेला कागद माझ्या हातात दिला. बँडच्या पायाशी चिकटपट्टीने लावलेला असतो तो, कोणत्या गाण्यानंतर कोणतं गाणं घ्यायचं याची यादी. सतरा गाणी. त्यांतली सात नव्या अल्बममधली. पाच ओळींवर काळ्या मार्करने रेघ मारलेली होती आणि त्या पाचही ओळी नव्या गाण्यांच्या होत्या. “मॅडम, सव्वाआठला बसून कापलं,” तो म्हणाला. म्हणजे नव्या अल्बमच्या दौऱ्यात पुण्याला नवी गाणी मिळाली दोन. सहावं गाणं रेघेखाली होतं.

मला ते कार्यक्रम चालू असतानाच समजायला लागलं होतं. स्टेजच्या डाव्या कडेला स्टँडवर एक तपकिरी गिटार लावून ठेवलेली होती. तार उतरवून वाजवायच्या गाण्यासाठी गिटारवादक वेगळी गिटार तयार ठेवतात, कारण ऐन कार्यक्रमात तार खाली-वर करत बसणं परवडत नाही. ती गिटार सहाव्या गाण्याची, हे मी बघताक्षणी ओळखलं होतं. संपूर्ण संध्याकाळ माझी नजर तिच्याकडे जात राहिली. नऊ वाजले, सव्वानऊ, साडेनऊ. तिला कुणी हात लावला नाही. शेवटी सामान आवरणाऱ्या मुलाने ती उचलली आणि पेटीत ठेवली.

आता कुणी म्हणेल, पाच गाणी गेली तर काय बिघडलं, पुढच्या वेळी वाजवतील. इथेच मला थांबवून सांगावंसं वाटतं, की पुढची वेळ येत नाही. नव्या गाण्याच्या वाट्याला एकच दौरा येतो, त्याच्या अल्बमचा. पुढच्या दौऱ्यात पुढचा अल्बम असतो आणि लोकांना तोंडपाठ असलेली दहा जुनी गाणी असतात. जे गाणं आपल्या दौऱ्यात लोकांच्या कानावर नीट पडलं, ते त्या दहांत जाऊन बसण्याची थोडीफार शक्यता असते. जे पडलं नाही, ते संपलं. हे मी ऐकीव सांगत नाही. एका गाण्यासाठी मी सदतीस वर्षं थांबले आहे.

१९८६ साली मी पुणे विद्यापीठात एमएस्सी करत होते. दादा मुंबईला नोकरीला होता. त्याच्या एका जहाजावरच्या मित्राने आयर्न मेडन या इंग्लंडच्या बँडचा त्या वर्षी आलेला अल्बम आणला, आणि दादाने तो एका रात्रीत नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर माझ्यासाठी उतरवून घेतला. कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. अल्बम एक्कावन्न मिनिटांचा. शेवटचं गाणं सिकंदरावर आहे, साडेआठ मिनिटांचं, आणि माझ्या वाट्याला त्यातली जेमतेम सव्वादोन मिनिटं आली. सिकंदराचा जन्म झाला की कॅसेट खटकन थांबायची. त्याची सेना थकून हिंदुस्थानात पुढे यायला नकार देते तो शेवटचा भाग, जो आपल्या भूमीशी जोडलेला आहे, तो मी पुढे सीडी हातात येईपर्यंत ऐकलाच नव्हता.

ते गाणं बँडने त्या अल्बमच्या दौऱ्यात वाजवलं नाही. त्यानंतरच्याही नाही. मार्च २००७मध्ये दादा आणि मी उद्यान एक्स्प्रेसने बंगळुरूला गेलो. १७ मार्चला पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडनचा भारतातला पहिला कार्यक्रम झाला तेव्हा आम्ही दोघं त्या धुळीत उभे होतो. तोही नव्या अल्बमचाच दौरा होता. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत तो सुरू झाला तेव्हा त्यांनी सुमारे ७२ मिनिटांचा तो अख्खा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत क्रमाने वाजवला होता. जुनी गाणी वाजवा म्हणून लोक नाराज झाले, तरी वाजवला. आमच्यापर्यंत येईस्तोवर त्यातली काहीच गाणी उरली होती, पण जी होती ती पूर्ण, घाई न करता वाजवली. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००८ला, ते मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलात आले. तो दौरा ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा होता, त्यामुळे दादाला खात्री होती की या वेळी सिकंदर येणार. शिवनेरीने जाताना वाटेत खंडाळ्यापर्यंत तो तेच बोलत होता. तेव्हाही ते गाणं आलं नाही.

ते प्रथम वाजलं २८ मे २०२३ला, स्लोव्हेनियात, लुब्लियाना शहरात. २०२१मध्ये आलेल्या नव्या अल्बमची गाणी आणि १९८६च्या त्या अल्बमची गाणी असा एकत्र दौरा त्यांनी काढला, आणि अखेर सिकंदराला जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते मोबाइलवर पाहिलं. कुणीतरी गर्दीतून हात उंच करून टिपलेलं, हलणारं, आवाज फाटलेला. दादा २०१४मध्ये गेला. त्याला सांगायला मिळालं नाही. म्हणून एखादं गाणं यादीतून खोडलं जातं तेव्हा ते किती लांब जातं, हे मला पक्कं ठाऊक आहे.

बँडने जुनी गाणी कापून नवी का ठेवली नाहीत, असा प्रश्न भाचीने परतताना विचारला. तो रास्त आहे. पण वेळ कमी पडली की कोणताही बँड लोकांच्या ओळखीच्या गाण्यांकडे वळतो, आणि त्या शनिवारी पहिल्या गाण्यापासून आपलीच मंडळी जुन्या गाण्यांची नावं ओरडत होती. जगातल्या मोठ्या बँडनाही हे चुकत नाही. एसी-डीसीचा नवा अल्बम नोव्हेंबर २०२०मध्ये आला. महासाथीमुळे त्याचा दौरा थेट मे २०२४मध्ये जर्मनीत सुरू झाला. दौऱ्याला नाव त्या अल्बमचं, आणि सव्वादोन तासांच्या आसपासच्या कार्यक्रमात त्यातली गाणी दोन. मेटॅलिकाने यावर २०२३च्या दौऱ्यात एक चांगली वाट काढली: एका शहरात दोन रात्री वाजवायचं आणि पहिल्या रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री घ्यायचं नाही. त्यामुळे नव्यालाही जागा मिळाली आणि जुन्यालाही. आपल्याकडच्या बँडना एका शहरात दोन रात्री मिळण्याचे दिवस अजून आलेले नाहीत. त्यांना मिळते ती एक संध्याकाळ, आणि तिचे पहिले अडीच तास आपण वाया घालवतो.

आता दहाच्या नियमाविषयी. ज्या वाचकांना तो अन्याय वाटला, त्यांच्याशी मी सहमत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही, हे केंद्राच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५च्या निकालात त्यावर शिक्कामोर्तब केलं आहे. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस आपल्याकडे सणावारांना लागतात. माझी आई ८८ वर्षांची आहे. गणपतीत रस्त्यावर आवाजाच्या भिंती लागल्या की तिच्या छातीवर हात ठेवून मी रात्र काढलेली आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसाची ५५. दहा डेसिबलचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण डेसिबलचं मोजमाप लॉगॅरिदमचं आहे: दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट झाली. हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. माझ्या आवडीच्या संगीताला त्यातून सूट मागणं मला शोभणार नाही.

शिवाय एक गोष्ट आयोजकांनी लक्षात घेण्यासारखी आहे. हिवाळ्यात पुण्याचं आकाश निरभ्र असतं. सूर्य मावळला की जमीन भराभर निवते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. थंड हवेत ध्वनी हळू जातो, वरच्या उबदार हवेत वेगाने, त्यामुळे ध्वनीच्या लहरी वर निघून जाण्याऐवजी पुन्हा जमिनीकडे वाकतात. सहा वाजता ज्या स्पीकरचा आवाज अर्ध्या किलोमीटरवर विरतो, तोच आवाज रात्री दूरच्या सोसायटीत खिडकीपाशी ऐकू येतो. खर्जाचे स्वर तर भिंतीही अडवत नाहीत. ‘धांगडधिंगा’ म्हणणाऱ्या बाईंच्या घरापर्यंत त्या रात्री जे पोचलं असेल ते हेच, गाणं वगळून नुसती धडधड. त्यांचा राग मी समजू शकते. त्यावरही उपाय तोच आहे: लवकर सुरू करा, लवकर संपवा.

आणि हा नियम आपल्याच नशिबी आहे असंही नाही. १४ जुलै २०१२ला लंडनच्या हाईड पार्कमध्ये अमेरिकेचे रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन वाजवत होते, तेही नव्या अल्बमच्या दौऱ्यावर. तीन तासांहून अधिक वाजवून झालं होतं, अखेरीस बीटल्सचे पॉल मॅकार्टनी त्यांच्या शेजारी उभे राहून गात होते, आणि ठरलेली वेळ उलटली म्हणून आयोजकांनीच स्टेजचा आवाज बंद केला. तिथे निदान तीन तास तरी वाजवून झालेलं होतं.

पुण्याला वेळ पाळता येत नाही, हे मला मान्य नाही. १९५३पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. शिकत असताना शाल गुंडाळून मी तिथे पहाटेपर्यंत बसले आहे. नियम आला, उत्तररात्रीचे राग मंडपात ऐकायला मिळेनासे झाले, ते दुःख जुन्या श्रोत्यांना अजून आहे. पण महोत्सवाने वेळ मागे घेतली. आता दुपारीच सुरुवात होते, आणि पुणेकर नोकरीवरून रजा काढून दुपारी जाऊन बसतात. कलाकाराला ख्यालासाठी जो वेळ द्यायचा तो दिला जातो.

नाटकाचं तर विचारूच नका. बालगंधर्वला दुपारचा प्रयोग संपतो, तासाभरात एक नेपथ्य उतरून दुसरं उभं राहतं, संध्याकाळचा प्रयोग लागतो, मग रात्रीचा. पहिली घंटा, दुसरी घंटा आणि तिसऱ्या घंटेला पडदा वर. उशीर झाला तर प्रेक्षक टाळ्या वाजवून जाणीव करून देतात. रंगमंचामागे कष्ट करणारी माणसं याच शहरातली, स्टेजवर केबल ओढणारी मुलंही याच शहरातली. फरक एवढाच की नाटकाच्या जाहिरातीत वार, ठिकाण आणि वेळ छापलेली असते आणि ती वेळ पडदा उघडण्याची असते. रॉकच्या तिकिटावर जी वेळ असते ती नेमकी कशाची, हे कुणीच सांगत नाही. गेटची? डीजेची? सत्काराची?

माझी मागणी मोठी नाही. तिकिटावर दोन वेळा छापा, गेट उघडण्याची आणि मुख्य बँड स्टेजवर येण्याची. दहाला थांबायचं आहे आणि बँडला दोन तास हवेत, तर बँड आठला स्टेजवर यायला हवा. त्यासाठी साउंडचेक चारला संपायला हवा. त्यासाठी ट्रस आदल्या रात्री बांधून व्हायला हवा. हे उलटं मोजलेलं गणित कुणालाही जमेल. जागेचं एका दिवसाचं जास्तीचं भाडं पडतं म्हणून ट्रस त्याच दिवशी बांधला जातो, असं माझ्या विद्यार्थ्याने सांगितलं. मग तो खर्च तिकिटात घाला. मी शंभर रुपये जास्त देईन. सत्कार करायचाच असेल तर गेट उघडल्याबरोबर करा. आणि उशीर झालाच, तर आधी डीजे जाऊ दे.

आम्हा श्रोत्यांचंही चुकतं. भाची म्हणाली तसं सगळेच म्हणतात, सहा म्हणजे आठ. सातला मैदान अर्धं रिकामं दिसतं, आयोजक म्हणतो अजून लोक यायचेत, थांबू. लोक म्हणतात, नाहीतरी उशिराच सुरू होतं. हे चक्र तोडायला एकदा कुणीतरी अर्ध्या रिकाम्या मैदानासमोर वेळेवर सुरुवात करावी लागेल. पुढच्या वेळी मैदान भरलेलं असेल.

आणि संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. सवाईला आपण जाणकार पाठवता. कोणी कोणता राग घेतला, विलंबित कसा रंगला, द्रुतात काय झालं, साथीला कोण होतं, हे मी दर वर्षी आपल्या पानांवर वाचते आणि कात्रणं ठेवते. नव्या अल्बमचा दौरा शहरात येतो तेव्हा तो अल्बम ऐकलेला एक माणूस पाठवा. नऊ गाण्यांतली किती वाजली, कशी वाजली, हे त्याला लिहू द्या. तो माणूस त्या शनिवारी तिथे असता तर आपल्या मथळ्यात ‘तरुणाई’ आली नसती. माझ्या डावीकडे माझ्याच वयाचे दोन गृहस्थ डोळे मिटून उभे होते. आणि पाच नवी गाणी पुण्याला ऐकवली गेली नाहीत, ही खरी बातमी सोमवारी छापून आली असती. ती छापून यायला लागली की आयोजक घड्याळाकडे बघतील.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा माझ्या विद्यार्थ्याचा निरोप आला. शुक्रवारी बंगळुरूला बँड ठरल्याप्रमाणे सातला स्टेजवर आला. सतराच्या सतरा गाणी झाली. सहावं गाणं वाजलं, आणि पाचव्या वेळी लय दुप्पट झाली तेव्हा मागे साउंड डेस्कवरच्या लोकांनीही हातातलं काम सोडून समोर बघितलं, असं त्याने लिहिलं आहे. दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात हैदराबादला आहे. सकाळच्या शताब्दीने निघालं की दुपारी सिकंदराबादला पोचता येतं. मी दोन तिकिटं काढली आहेत, एक माझं आणि एक दादाच्या मुलीचं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कर्वेनगर, पुणे